सवतीच्या लग्नात मी म्हटलेली विहीण

कल्याणात त्या काळी लग्न ठरलं की आचाऱ्याच्या आधी मला निरोप यायचा. हे मी फुशारकीनं लिहिते आहे. म्हातारपणी एवढी फुशारकी चालायला हरकत नसावी. लग्नात वरमाईची पंगत बसली की मुलीकडच्या बायका तिला उद्देशून गाणं म्हणतात. बाईही विहीण आणि ते गाणंही विहीणच. आमची लेक तुमच्या पदरात घातली, तिला सांभाळून घ्या, असा सगळा विनवणीचा मामला. म्हणणारी चांगली असली तर पंगतीतल्या बायकांना घास गिळवत नाही. मी बसले की वाढणाऱ्या बायकासुद्धा हातातली भांडी खाली ठेवून पदर डोळ्याला लावायच्या.

गळा पुष्कळजणींना असतो. माझी खुबी निवडण्यात होती. ठाण्याला माहेरी आई आणि मावशी या दोघींकडून मी पन्नासेक गाणी उचलली होती, पण कुठलं कुठे म्हणायचं ते मला कुणी शिकवलं नाही. मी आधी वरमाईचं तोंड बघून घ्यायची. पानावर बसल्या बसल्या नावं ठेवणारी असली तर स्तुतीचं गाणं. अशा बाईला चारचौघींत सोन्यासारखी म्हटलं की लाजेकाजेस्तव ती वर्षभर तरी सुनेशी बरी वागते. थट्टेखोर असली तर टोमण्यांचं. रडवं मात्र खरोखर मायाळू बाईसाठी राखून ठेवायचं. दगडापुढे रडवं म्हटलं तर आपलंच हसं होतं. हे सगळं मला विसाव्या वर्षीच कळत होतं आणि मला त्याचा गर्व होता.

माझं लग्न नवव्या वर्षी झालं. नवरा ठाण्याच्या कचेरीत कारकून होता. मला तो आवडायचा. आमच्या वेळच्या बायकांनी नवऱ्याबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण मी लिहिणार. संध्याकाळी आगगाडीनं घरी आला की पाय धुवायच्या निमित्तानं तो स्वयंपाकघराच्या दाराशी यायचा आणि हळूच विचारायचा, "आज कुणाकडे गेली होतीस? काय म्हटलंस?" मग मी सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं चार ओळी गुणगुणायची. तो चौकटीला टेकून ऐकायचा. आमच्या संसारात याहून गोड असं काही झालं नाही.

मूल झालं नाही. पाच वर्षं वाट पाहिली, मग नवस झाले, मग नवसही थांबले. तो दाराशी येईनासा झाला. एके दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते, तर सासूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, दुसरं लग्न ठरवलंय त्याचं. हसतमुखानं वावरलीस तर या घरात तुझं पान मांडलेलं राहील. चारचौघांत तोंड पाडलंस तर दुसऱ्या दिवशी ठाण्याला धाडून देईन, कायमची." मी "बरं" म्हटलं. ठाण्याला आई-वडील उरले नव्हते. भाऊ होता, पण भावजय मला सणालासुद्धा बोलवायची नाही. या घरातून बाहेर पडले तर मला जायला जागा नव्हती, आणि सासूबाईंना ते पक्कं ठाऊक होतं.

मुलगी शहाडजवळची, नदीपलीकडच्या एका खेड्यातली. बाप भिक्षुकी करायचा. अकरा वर्षांची पोर सवतीवर द्यायला कुणी हौसेनं तयार होत नाही. त्यांच्या घरात हिच्या पाठीवर आणखी चार मुली होत्या. लग्न आमच्याच दारी, एका दिवसात उरकायचं ठरलं. मुलीकडून तिघंच आली, आई, बाप आणि एक म्हातारा चुलता. मांडवात मी अक्षता वाटल्या, हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं. माझे गाल हसून हसून दुखायला लागले होते.

वरमाईची पंगत बसली तेव्हा घोटाळा लक्षात आला. मुलीकडची बाई एकच, आणि तिला गाता येत नव्हतं. शेजारपाजारच्या बायकांना तर आयतीच करमणूक मिळाली. एकजण म्हणाली, "अहो, विहीण म्हणणारी बाहेरून कशाला आणायची? घरातच आहे की!" सगळ्या खो खो हसल्या. सासूबाईही हसल्या. पानापुढे रांगोळी, अंगावर पैठणी, अशा थाटात बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "म्हण गं. आज मुलीकडून म्हण."

म्हणजे माझ्याच सवतीसाठी माझ्याच सासूची विनवणी मी करायची. मला नाही म्हणायची सोय नव्हती. मी पदर खोचून खाली बसले.

माझ्या हिशेबानं सासूबाईंना स्तुतीचं गाणं हवं होतं. ते म्हटलं असतं तर त्या खूश झाल्या असत्या आणि माझंही निभावलं असतं. पण पलीकडच्या ओटीवर पुरुषांची पंगत होती, मधे फक्त एक दार होतं, आणि त्या दारातून मला नवऱ्याची पाठ दिसत होती. मी रडवं निवडलं. ठाण्याला माझ्या लग्नात मावशीनं याच बाईपुढे हेच गाणं म्हटलं होतं आणि तेव्हा सासूबाई हुंदके देऊन रडल्या होत्या. मला वाटलं, त्यांना आठवेल. त्याला तर नक्की कळेल, कुणासाठी म्हणते आहे ते.

रागं भरा, बोल लावा, कामं सांगा चार,
विहीणबाई, लेकीला या दाखवू नका दार.

मी आयुष्यात तशी पुन्हा गायले नाही. हसणाऱ्या बायका पहिल्या दोन ओळींतच गप्प झाल्या. त्यातली जी आधी बोलली होती तिनं तर पानावरून हात काढून घेतला आणि नाक ओढायला लागली. नवरीची आई भिंतीला धरून रडत होती. नवरी मोठ्या शालूत बुडालेली, तीही रडत होती. मी दाराकडे पाहिलं. नवऱ्याची पाठ हलली, त्यानं मान वळवली. तो म्हणाला, "अहो, जिलबी फिरवा जरा इकडे."

मी तेच कडवं पुन्हा म्हटलं, आणखी वरच्या पट्टीत. त्यानं दोन जिलब्या वाढून घेतल्या. सासूबाईंनी भात संपवला, मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि शेजारणीला म्हणाल्या, "गळा चांगला आहे हो हिचा. देवानं हिला तेवढंच दिलं."

माझ्या अंगाची आग आग झाली. त्या दोघांचं मी काहीच वाकडं करू शकत नव्हते. तशीच हसत उठले आणि विडे वाटायला लागले.

ऊन उतरायच्या आत मुलीकडची माणसं निघाली. रीतीप्रमाणे आईनं मुलीचा हात सासूच्या हातात द्यायचा. सासूबाई हात पुढे करून उभ्या होत्या. ती बाई मुलीला घेऊन त्यांच्यावरून पुढे गेली आणि माझ्यासमोर येऊन थांबली. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "बाई, तुम्ही मघाशी म्हणालात ना, त्यानं माझा जीव थाऱ्यावर आला. हिच्यासाठी इतकं कोण म्हणतं? ही तुमच्याच ओटीत घातली असं समजा." आणि तिनं मुलीचा हात माझ्या हातात दिला.

लहानसा, घामेजलेला हात. पोरीनं माझी बोटं घट्ट धरली. आई माझ्या पाया पडायला वाकली. मी दुसऱ्या हातानं पोरीच्या दंडाचं मांस शालूच्या आडोशानं चिमटीत धरलं आणि सगळा जोर लावून पिळलं. पिळत राहिले. माझ्या तोंडावर हसू होतं. नवरी तर सकाळपासूनच रडत होती, तेव्हा कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

पण ती रडायची थांबली. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हात सोडवून घेतला नाही. आई उठून उभी राहिली तेव्हा तिनं शालू दंडावर नीट ओढून घेतला आणि म्हणाली, "आई, तू नीघ आता. होडी चुकेल."