सोमवारच्या सह्या

"रजिस्टरात दोन लिवलं हाये न? मंग दोनच होतं. तुले कायले पंचाईत?" तानाबाईच्या नवऱ्यानं, रामरावांनी, ताट बाजूला सरकवलं.

"मीनं सोता पाचावर पाह्यलं," तानाबाई म्हणाली.

"मोठी डॉक्टरीण लागून गेली!"

पुसदच्या वृद्धाश्रमात कामाला लागून तानाबाईला अकरा वर्षं झाली. त्याआधी ती कापूस वेचायची. सातवी शिकलेली, पण ऑक्सिजनच्या मशीनचं डॉक्टरांनी एकदा सांगितलेलं तिच्या पक्कं लक्षात होतं. बिडीनं फुप्फुसं गेलेल्या माणसाला ऑक्सिजन जास्त झाला, तर तो गुंगतो. बोटाला चिमटा लावून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघायचा. अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव, बस.

आश्रमातल्या धावजींचं मशीन मिनिटाला दोन लिटरवर ठेवायचं होतं. गुरुवारी त्यांचा मुलगा भावसिंग भेटून गेला. "मशीन पाचापर्यंत जाते, तं माह्या बापालेच दोन कायले?" हे त्यानं नंतर तानाबाईला सांगितलं. बटण मात्र जातानाच फिरवून गेला. दुपारभर म्हातारा झोपला. आज चांगला आराम पडला, असं सगळे म्हणाले. दिवेलागणीला तानाबाईनं हलवलं, तर उठेना; मशीन बघितलं, तर पाचावर.

मशीनचे आणि चिमट्याचे आकडे दिवसातून चारदा बघून रजिस्टरात लिहायचे असतात. तिथे आठवड्याचे सगळे सोमवारीच लिहून होतात. खाली सह्या तानाबाईच्या.

धावजी यवतमाळच्या दवाखान्यात शुद्धीवर आले. पण तिथल्या डॉक्टरांनी रजिस्टर वाचलं आणि चिठ्ठी दिली : दोनवर ही गत, आता एकवरच ठेवा. परवा त्यांना परत आणायचं होतं.

"एकावर म्हातारा तडफडन," तानाबाई म्हणाली.

"त्याले आनाले मीच गाडी घेऊन जातो न, आई," कपिल चिडला. आश्रमाची अॅम्ब्युलन्स तोच चालवायचा. "मालक दोघायलेबी घरी बसवन. अन् सह्या कोनाच्या?"

"माह्याच."

"खरं बोलाचंच होतं तं सोमवारी बोलाचं," सून सुरभी भांड्यांकडे बघत म्हणाली.

ते खरं होतं, म्हणून झोंबलं. आणखी तिघं मशीनवर होते. त्यांनी अजून न घेतलेल्या श्वासांचेही आकडे तिनं लिहून ठेवले होते.

ती उठली. हात धुतले.

"उद्या पहिल्या यष्टीनं मी यवतमाळले जातो. मशीन पाचावर होतं अन् सह्या मीनं आधीच केल्या, असं डॉक्टरले सांगतो. सकाळचे डबे आपापले भरून घ्या."