चुन्याखालच्या ओळी

गुरुवार, चैत्राचा दुसरा आठवडा. हजर: चांदमारीचे हवालदार, घागरी घेऊन आलेल्या सात बायका आणि मी. गैरहजर: पाणी.

माझ्या तेव्हाच्या वहीत असंच लिहिलेलं आहे. हवालदारांनी वाकून ते वाचलं आणि समाधानानं मान हलवली. "वहीत हाय ना? मग हाय." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कागदावर इतका विश्वास असलेला एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मी पाहिलेला हा.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या कचेरीत कपाटं आधी आली, त्यांत ठेवायचे कागद मागून. जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मुरुडच्या पुढे एक माळ निजामाच्या काळापासून लष्कराकडे होता. वर्षातून दोनदा जवान तिथे नेमबाजीच्या सरावाला येत, म्हणून तो चांदमारीचा माळ. एरवी तिथे एकटे हवालदार राहत. मूळचे लोह्याकडचे. चालताना पायाखाली खडा आला तर तो उचलून कडेला ओळीत लावणारे.

माळाच्या मध्यावर दगडी पायऱ्यांची बारव होती. दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या, पण हिच्या तळाशी एक बारीक झरा जिवंत होता; एक घागर भरायला तासभर लागे. गोळीबाराचं लाल निशाण उतरलेलं असलं की हवालदार बायकांना फाटक उघडून देत.

"असा हुकूम कुठल्या वहीत आहे?" मी विचारलं.

"उघडू नको, असा बी कुठं न्हाई." ते हसले. "माझ्या आजीला असल्या बारवेत उतरू देत नव्हते, बाई. वरून कुणी ओतलं तर पाणी. आता किल्ली माझ्यापाशी हाय. मी कशाला कुलूप लावू?"

पण वरून कागद आला होता: विहीर पडकी आहे, जवानांना धोका आहे, बुजवावी. पुढच्या गुरुवारी नवे साहेब पाहणीला येणार होते. मी म्हटलं, बारव जुनी असल्याचा पुरावा मिळाला तर आमची कचेरी पत्र देईल. एखादा लेख कोरलेला दगड आहे का?

"हाय की. मीच सांभाळलाय."

त्यांनी मला तिसऱ्या टप्प्यावर नेलं. भिंतीत एक शिळा होती, दुधासारखी पांढरी. साहेब येणार म्हटलं की हवालदार जे जे हलत नाही त्याला चुना लावत: झाडांची खोडं, पायऱ्यांच्या कडा आणि ही शिळा. नऊ वर्षं.

"अक्षरं लई खोल होती," ते अभिमानानं म्हणाले, "म्हणून हिला दोन हात जास्तीचे द्यायचो."

मी कपाळाला हात लावला. चुना फोडायचा तर शिळेवर ओली पोती बांधून ठेवायची, मग कडुलिंबाच्या काडीनं हळूहळू खरवडायचं. लोखंड लावायचं नाही. आणि पोती ओली ठेवायला पाणी हवं.

बायका ऐकत होत्या. त्यांच्यातली थोरली राहीबाई म्हणाली, "हवालदारभाऊ, नवऱ्याला आंघोळीला तांब्या देईना मी, अन तुमच्या दगडाला देऊ?"

"नगा देऊ," हवालदार म्हणाले. "बारव बुजल्यावर समदेच बिनआंघोळीचे बसू."

ती हसली आणि घागरीतलं तांब्याभर पाणी तिनं पोत्यावर ओतलं. मागून सगळ्यांनी.

मी मुरुडला मुक्काम टाकला. रोज सात तांबे आणि हवालदारांची स्वतःची आंघोळीची बादली. राहीबाई नाकाला पदर लावून विचारायची, "दगड न्हाला, तुम्ही कवा न्हाणार?"

"पाऊस पडू द्या. तवर लांबून बोला."

पाचव्या दिवशी काडीखालून एक गोल, वळणदार अक्षर निघालं. हवालदारांनी पटकन टोपी काढली, मग घालून सलाम ठोकला. दुपारपर्यंत पाच ओळी उघड्या झाल्या. खाली आणखी तीन होत्या, पण त्यांनीच काम थांबवलं. "बास. सात घरच्या चुली खोळंबल्यात. बाकीचं काम पाणी आल्यावर."

कागद लावून, कोळसा घासून मी पाच ओळींचा ठसा घेतला आणि एसटीनं नांदेडला एका प्राध्यापकांकडे नेला. लेख जुन्या कानडीतला होता: वाटसरूंसाठी आणि गुराढोरांसाठी हे पाणी खोदलं. बांधणाऱ्याचं नाव पुढे असावं, ते म्हणाले.

गुरुवारी साहेबांनी आमचं पत्र वाचलं, खाली उतरले, अक्षरांवरून बोट फिरवलं. मग हुकुमावर लिहिलं: बुजवू नये, सांभाळावी.

"साहेब, तेवढं बाईंच्या वहीत बी लिहा," हवालदार म्हणाले. साहेबांनी लिहिलं. वर राहीबाईनं बातमी ऐकून आधी फाटकाची किल्ली हवालदारांकडेच राहणार ना, ते विचारलं.

त्या वर्षी पाऊस आला. बारव तिसऱ्या टप्प्यापर्यंत भरली आणि राहिलेल्या तीन ओळी पाण्याखाली गेल्या. आधी पाणी नाही म्हणून काम थांबलं होतं, आता पाणी आहे म्हणून.

निवृत्तीनंतर लोह्याहून दर उन्हाळ्यात हवालदारांचं पोस्टकार्ड यायचं. "बांधणाऱ्याचं नाव वहीत आलं का?" मी कळवायची, "ओळी अजून पाण्यात." उलट टपाली उत्तर: "मग लई बेस हाय."

एका उन्हाळ्यात कार्ड आलं ते त्यांच्या मुलीच्या अक्षरात. दोनच ओळींचं.

वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर लिहिलेलं आहे: पोती सात, लिंबाच्या काड्या, कागद, कोळसा. खालच्या तीन ओळींचा चुना काढणे, बांधणाऱ्याचं नाव उतरवून घेणे: बाकी.

परवा जाऊन पाहिलं. बारवेत पाणी आहे.