बैलाचा खुराक आणि ससा

आमच्या घरी दोन ससे आले ते दोन्ही माद्या म्हणून. देणाऱ्या बाई माझ्याच शाळेतल्या, त्यांनी अगदी छातीठोक सांगितलं होतं. मग करडीला पाच पिल्लं झाली आणि पांढरा हा नर आहे हे आम्हाला कळलं. ती पाच वाटून होईपर्यंत पुढची सहा हजर! मी तेव्हा बावीस वर्षांची, सोलापुरात प्राथमिक शाळेत नुकतीच लागलेली, आणि मला प्रत्येक गोष्टीत 'का' आणि 'कसं' विचारायची खोड. पांढऱ्याला उलटा धरून मी दोनदा नीट बघितलं होतं, तरी काही दिसलं नव्हतं. मग ओळखायचं तरी कसं, असं आईला, म्हणजे आमच्या अव्वाला, विचारलं तर ती म्हणाली, "लग्नाच्या पोरीनं असलं बघू नये."

तिसरी खेप झाली तेव्हा अव्वाने निर्वाणीचं सांगितलं, एक तर पांढरा जाईल नाही तर दोघंही. त्यातच दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने पिंजऱ्याकडे बघत विचारलं, "वजनावर देता काय?" मी आतून धावत आले आणि त्या माणसाला असं काही बोलले की तो सरकी न घेताच गेला.

दुकान माझ्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, घराच्या पुढच्याच खोलीत. पेंड, सरकी, चुनी, भुसा. अप्पा मूळचे मंद्रूपकडचे शेतकरी. गाईने दूध कमी केलं, बैल चारा सोडून बसला, की लांबून लांबून लोक त्यांच्याकडे विचारायला यायचे. अप्पा माल घ्या म्हणून कधी आग्रह करायचे नाहीत, पण सांगायचे अगदी बैजवार. त्यांच्या शब्दावर माणसं आपलं जनावर सोपवायची.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "बैल बडवतात, की त्याच्यापासून वासरं होत नाहीत. मग ससा का नाही बडवत?" अप्पांना ठसका लागला. अव्वा "बेडा, बेडा", म्हणजे नको, नको, करत कानडीत काय काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. पण पांढरा घरात राहायचा दुसरा मार्ग कुणाकडेच नव्हता. दोन दिवसांनी अप्पा आपण होऊन म्हणाले, "चल, दवाखान्यात इचारून तर बघू की."

जनावरांच्या दवाखान्यात म्हशी आणि बैलांच्या रांगेत मी टोपली मांडीवर घेऊन बसले. कंपाउंडर हसून हसून बेजार. "बाई, सशाची नसबंदी? हितं माणसं पळून जायलीत, आन् तुमी सशाला आणलाव!" डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते तरुण होते आणि माझ्याइतकेच उत्सुक दिसले. "सशाचं मी कधी केलेलं नाही," ते सरळ म्हणाले. "शुक्रवारी या, तोवर वाचून ठेवतो. पण एक सांगतो, गुंगीतून तो उठेलच अशी खात्री देत नाही." अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. गेला तर तो माझ्या हट्टाने जाणार होता.

शुक्रवारी मी टेबलाशी उभी राहिले. अप्पांनी उभ्या आयुष्यात किती बैल दाबून धरले असतील, पण पांढऱ्याच्या नाकाशी ईथरचा बोळा लावल्याबरोबर ते बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून थांबले. मी मात्र डोळे मिटले नाहीत. डॉक्टर पोटावर हलकेच दाबून चाचपडत होते. "ससा घाबरला की अंड आत ओढून घेतो," ते म्हणाले, "म्हणून तुम्हाला दिसलं नसेल." अस्सं होय! मला एवढा आनंद झाला की मी लाजायचंच विसरले. पुढचं काम पाचेक मिनिटांत झालं. दोन गोष्टी निघाल्या, शेवग्याच्या बियांहून थोड्या मोठ्या. एवढ्याशा त्या, आणि त्यांनी आमच्या घरात केवढा गोंधळ घातला होता!

तो उठला. आधी नाक हललं, मग एक कान. डॉक्टरांनी बजावलं, खाली गवत नको, स्वच्छ धुतलेलं धोतर अंथरा, मादीपासून महिनाभर लांब ठेवा, आणि मुख्य म्हणजे रोजचंच खायला द्या. "सशाचं पोट चालत राहिलं पाहिजे. लेंड्या पडतात का बघत राहा. पोट थांबलं की ससा गेला." अप्पांनी हे ऐकलं, मान हलवली.

संध्याकाळी त्याने लसूणघासाची चार पानं खाल्ली. मी पालथी पडून बघत बसले. एकदा त्याने मान खाली वाकवून काहीतरी थेट खालूनच तोंडात घेतलं आणि चघळलं. स्वतःचीच मऊ लेंडी! ईऽऽ म्हणून मी ओरडले, पण बघायची काही थांबले नाही. ससे असं करतातच, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

शनिवारी सकाळची शाळा होती. दुपारी परत आले तर पांढरा कोपऱ्यात पाठीची कमान करून बसलेला, दात करकर वाजवत होता. पोट ढोलासारखं घट्ट. धोतरावर एकही लेंडी नाही. घास नाकाशी नेला तर त्याने तोंड फिरवलं. माझं डोकंच चालेना. अव्वा नुकतीच देवळातून आली होती, तिला काही माहीत नव्हतं. अप्पा दुकानात पोती सारखी करत होते. मी ओरडले, "अप्पा, सायकल काढा!"

मी मागे टोपली धरून बसले, अप्पा घामाघूम होऊन पायडल मारत होते.  डॉक्टर दवाखान्यामागच्या खोलीत राहायचे, ते जेवणावरून उठून आले.

"काय खाल्लं याने?"

"फक्त घास आणि हराळी," मी म्हटलं.

डॉक्टरांनी अप्पांना विचारलं, "तुम्ही काही दिलंत?"

"न्हाय," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, जखम बघितली. त्यांचा चेहरा उतरला. "मग आत काहीतरी बिघडलंय. माझ्याच हातून झालं असेल. परत उघडून बघावं लागेल. दुसऱ्यांदा ईथर याला सोसेल असं वाटत नाही, पण दुसरा इलाज दिसत नाही." त्यांनी बाहेर पडवीत स्टोव्ह पेटवून कात्री आणि चिमटे उकळत टाकले. आत येऊन ईथरच्या बाटलीचं बूच काढलं तसा तो गोडसर वास खोलीभर पसरला.

"थांबा," अप्पा म्हणाले.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. "मी खायला घातलं. सकाळी. ज्वारीचं पीठ, गूळ, करडीचं तेल. चार गोळे केले न् बोटानं तोंडात सारले. कापलेल्या जनावराला नुसत्या पाल्यावर कसं ठिवायचं? बडवलेल्या बैलाला आमी ह्योच खुराक देतो. ताकद येती."

"मग आत्ता नाही का म्हणालात?" मी किंचाळलेच. बापाशी असं आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"लोक माझ्याकडं इचारायला येतात, अक्का. माझं चुकलं म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?" ते म्हणाले. 

डॉक्टरांनी बूच परत लावलं आणि बाहेर जाऊन स्टोव्ह विझवला. त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला स्पष्ट दिसला. कापायचं कारणच उरलं नव्हतं. ड्रॉपरने थोडं थोडं कोमट पाणी पाजा, पोट हलक्या हाताने चोळा, मधून मधून चालवा, म्हणाले. जगला तर उद्या सकाळपर्यंत कळेल.

चोळायचं काम अप्पांनी कुणाला करू दिलं नाही. मांडीवर पंचा टाकून, त्यावर पांढऱ्याला घेऊन ते संध्याकाळभर बसले. मी पाणी पाजत होते. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. मला अजून राग होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती.

रविवारी उजाडता उजाडता मी धोतर उचललं तर खाली तीन लेंड्या! बारक्या, वेड्यावाकड्या, केसांनी एकमेकींना अडकलेल्या. मी तळहातावर घेऊन घरभर नाचले. अव्वा ओरडली, "हात धुवून मग काय शिवायचं ते शिव!" पांढरा हराळीची काडी कुरतडत होता. अप्पांनी येऊन लेंड्या बघितल्या, एक बोटाने फोडूनही बघितली, आणि दुकान उघडायला गेले.

थोड्या वेळाने एक ओळखीचा शेतकरी आला. मी आत होते, बोलणं ऐकू येत होतं. "अप्पा, काल खोंड बडवला. आता काय घालू त्येला?"

अप्पांनी हातातलं माप खाली ठेवलं. मग म्हणाले, "मला न्हाय म्हाईत. दवाखान्यात इचार."

 माझा ससा वाचला होता आणि तिकडे पुढच्या खोलीत माझा बाप, ज्याला बैलाचं सगळं सगळं ठाऊक होतं, न्हाय म्हाईत म्हणत होता. मी तशीच बाहेर गेले. पेंडीच्या पोत्यावरची धूळ पदराने झटकली आणि त्या माणसाला म्हटलं, "बसा की. दवाखान्यात कशाला? अप्पा सांगतील. बैलाचं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मग ते त्या माणसाकडे वळून म्हणाले, "सांगतो. पण आदी मला सांग, खोंड केवढा हाय, आन् रोज काय खातो?"