बियाचं वांगं

चित्रं काढायचं वेड मला साठीनंतर लागलं, आणि लागलं ते असं की समोर भाजी आली तरी चिरायची सोडून मी तिच्याकडे बघत बसते. यंदाच्या थंडीत सांगलीहून रहिमतपूरला दादाकडे राहायला गेले, तेव्हाही कागद आणि रंग पिशवीत होतेच. घरामागं वहिनीचा भाजीचा तुकडा आहे. पावटा, मेथी, लसूण, कडेला वांगी. ऊन आलं की मी पाट घेऊन तिथं बसायची. वहिनी जाता-येता म्हणायची, "वन्सं, आवं मेथी निवडू लागा आधी. चित्र काय पळून जात न्हाई."

एका झाडाला फार देखणं वांगं धरलं होतं. जांभळं, तुकतुकीत. त्याच्या देठाला वहिनीनं जुन्या परकराची लाल चिंधी बांधली होती. चिंधी म्हणजे हे बियाचं, पिकून पिवळं होईपर्यंत तोडायचं नाही. वहिनीच्या आईनं कुंडलहून दिलेलं हे बी ती दरवर्षी असंच धरते. मला हे सगळं ठाऊक होतं. पण चित्रात ती चिंधी डोळ्यांना खुपायला लागली, आणि समोर दिसतंय ते वगळून काढण्याइतकी काही मी तयार नाही. म्हणून सोडली. चित्र झालं, दादानं चहाला हाक मारली, मी उठून गेले. चिंधी परत बांधायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी ताटात भरीत. सकाळी दादानंच वांगी तोडून आणली होती. भरीत इतकं झकास झालं होतं की मी मागून घेतलं. संध्याकाळी वहिनी मागं गेली आणि तणतणत आली, "बियाचं वांगं कुणी तोडलं?"

दादा म्हणाला, "चिंधी कशालाच नव्हती. असती तर तोडलं असतं का मी?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी म्हटलं, झाडाला फुलं आहेत, दुसरं वांगं धरेल, कशाला उगाच घरात वाद. आणि खरं सांगायचं तर लाज वाटली. या वयात चित्रापायी असला पोरखेळ.

वहिनी भांडली असती तर बरं झालं असतं. "म्हंजी मी बांधलीच न्हाई," एवढंच म्हणाली. "मला तर बांधल्याली आठवतीय."

तेव्हापासून ती गॅस बंद केला का ते दोन-दोनदा जाऊन बघायला लागली. दुधाला विरजण लावलं का, मला विचारायला लागली. तिची आई शेवटी शेवटी पोटच्या लेकीलाही ओळखत नव्हती, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तरी मी तोंड उघडलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत पानांना हिरवा रंग भरत बसले. काय म्हणावं असल्या बाईला!

मग एका दुपारी वहिनी दादाला हळूच म्हणाली, "साताऱ्याला त्या डोक्याच्या डॉक्टरकडं न्या की मला. आईसारखं व्हाय लागलंय माझं."

मी तिथंच सांगून टाकलं. चिंधी मी सोडली, चित्रासाठी, आणि परत बांधली नाही. मान वर करून सांगवेना. आता चार शब्द ऐकावे लागणार, आणि ते ऐकायचेच असं मी ठरवलं होतं.

वहिनीनं विचारलं, "म्हंजी मी बांधली हुती?"

"बांधली होती."

"नक्की?"

"या हातांनी सोडली, वहिनी."

तिनं तोंडाला पदर लावला आणि रडायलाच लागली. मग माझा हात धरून म्हणाली, "लय उपकार झालं वन्सं तुमचं."

इतके दिवस मी तिला भीतीत ठेवलं होतं, आणि ती माझे उपकार मानत होती.