देव झालेला खुंट

ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली गेली तसा मी ओरडलो, "रामेसर, क्लच!" चाकं धाडकन खाली आली. माझा ड्रायव्हर रामेसर घामानं निथळत होता. चौबे कॉलोनीतला कडुनिंबाचा खुंट मात्र जागचा हलला नव्हता.

मी खुंट काढायची कामं घेतो. लोकांना वाटतं, साखळी बांधली, ट्रॅक्टर दामटला, झालं. खुंट हटून बसला तर ट्रॅक्टरच मागे उलटतो. आधी भोवती खणून आडवी मुळं तोडावी लागतात. मग उरतं सोटमूळ, म्हणजे सरळ खाली गेलेलं मुख्य मूळ. ते सुटलं की खुंट येतो. गल्लीत जेसीबी वळत नव्हता, म्हणून हा सगळा खटाटोप.

खुंट देशकर काकूंच्या ऐन गेटसमोर होता. कंबरेचं ऑपरेशन झालेले काका त्याच संध्याकाळी अ‍ॅम्ब्युलन्सनं घरी येणार होते आणि खुंटामुळे स्ट्रेचर आत वळणार नव्हतं.

मुळं तोडायला मी दुसरी कुऱ्हाड आणायला गेलो. इकडे रामेसरला वाटलं, झाड रागावलं. त्यानं नारळ फोडला, शेंदूर लावला, उदबत्ती खोचली, खुंटाची माफी मागितली आणि चहाला गेला.

मी परत येतो तर पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका लोटे घेऊन खुंटाला पाणी घालताहेत!

"दीदी, जरा हटिए, काम करना है."

"देवता ल उखाड़न नइ देवन, भैया," त्यांतली वयस्कर बाई म्हणाली.

"सुबह तक तो ठूँठ था!"

"अब नइ हे."

तेवढ्यात रामेसर आला. त्यानंही हात जोडले. "हव साहब, अब मैं कैसे खींचूँ?" त्यालाच साखळीला बांधावं असं मला वाटलं.

काकू बाहेर आल्या. "भाऊ, काहून थांबून राहिले? दवाखान्यातून निघालो म्हणते आमचा पोट्टा फोनवर."

मी सगळं सांगितलं. काकूंचा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला. त्या वाद घालत बसल्या नाहीत. आत जाऊन आरतीचं ताट आणलं, खुंटाला मनोभावे ओवाळलं आणि बायकांकडे वळून कडाडल्या, "देवता को नाली के बगल में रखोगे? शरम नहीं आती? कोने के चबूतरे पर बिठाओ!"

बायका नालीकडे बघायला लागल्या. "बात तो सही हे," वयस्कर बाई म्हणाली.

आता रामेसरलाही जोर चढला. मुळं तोडली, या वेळी साखळी ट्रॅक्टरला खालच्या बाजूला बांधली, जयजयकार झाला आणि कडाड करत खुंट बाहेर आला. खड्डा मातीनं बुजवला. पुढे ट्रॅक्टर, मागे खुंट, त्यामागे गाणाऱ्या बायका, अशी वरात कोपऱ्याकडे निघाली आणि नेमकी समोरून अ‍ॅम्ब्युलन्स आली.

ट्रॅक्टर कडेला घेतला. काकांनी आतून विचारलं, "हे काय चालू आहे?"

"तुमच्यासाठीच रस्ता करून राहिलो," काकू म्हणाल्या. "गप पडून राहा."

स्ट्रेचर एका दमात आत गेलं. मला इतकं हायसं वाटलं की रामेसरवर ओरडायचंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याला नियम घालून दिला. झाडाची माफी मनातल्या मनात मागायची. नारळ फोडायचाच असेल तर खुंट निघाल्यावर.