उभ्यानं सांगितलेला व्हिडिओ

दापोडीच्या आम्रपाली साळवेला, स्वतः न बघता व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्या माणसांचा मनापासून राग यायचा. सकाळी उठून गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवणाऱ्यांना तर ती माणसांतच धरत नसे. तिचं म्हणणं साधं होतं. भाजी वाढण्याआधी आपण चाखून बघतो की नाही? मग व्हिडिओच तेवढा न चाखता दुसऱ्याच्या ताटात का लोटायचा?

आम्रपाली मोशीपुढच्या निघोजे गावाजवळच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार होती. मोटारीच्या दिव्यांना, हॉर्नला वीज नेणाऱ्या वायरींचे जुडगे तिथे बनत. मोठ्या उभ्या फळ्यांवर वायरी अंथरायच्या, वळवायच्या, टेप गुंडाळायची. काम सगळं बायकांचं आणि आठही तास उभ्यानं. मोबाइल आत न्यायला बंदी. गेटवरच्या कप्प्यात तो ठेवायचा आणि सुटल्यावरच घ्यायचा. घरात चूल, कंपनीत फळी. बाईचा स्वतःचा म्हणावा असा वेळ उरला तो कामाला नेणाऱ्या सकाळच्या बसमधला एक तास.

त्या तासासाठी तिनं एक ग्रुप काढला होता. 'आपली चार नंबर' असं त्याचं नाव. बसची वेळ कळवायला कंत्राटदाराचा सुपरवायझर शेखर यानं काढलेला 'बस नंबर चार' हा ग्रुप वेगळा. त्यात तो असायचा, यात नाही. आम्रपालीच्या ग्रुपचे नियम कडक होते. व्हिडिओ शेवटपर्यंत बघितल्याशिवाय पाठवायचा नाही. दिवसाला एकच. आणि जिनं पाठवला तिनं तो का पाठवला ते बसमध्ये सगळ्यांसमोर सांगायचं. नाशिक फाट्यापर्यंत बघून व्हायचं आणि भोसरीपासून मोशीपर्यंत भांडण चालायचं. बरणीचं झाकण आतून उघडून बाहेर येणारा ऑक्टोपस बघून दोन दिवस वाद झाला होता, की याला अक्कल म्हणायची का सवय. सुमनताई म्हणाल्या होत्या, "आठ हात हायेत तेला. मला दोनच हायेत तरी घरातली समदी झाकणं मीच उघडते. माझा कुनी व्हिडिओ काढला का?"

हे वाद घालण्याचं वेड आम्रपालीला वडिलांकडून आलेलं. जयसिंग साळवे पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं होते. जेवणाच्या सुट्टीत ते पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे, कारण सोबतच्या निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं. एक बातमी झाली की पेपर मिटायचे आणि म्हणायचे, "हं, आता बोला." वाचून झालं म्हणजे निम्मंच झालं, बोलून झालं की पुरं झालं, असं त्यांचं मत. लेकीनं पेपरच्या जागी मोबाइल धरला, एवढाच काय तो फरक.

सगळं बिघडलं ते चाळीस सेकंदांच्या एका व्हिडिओनं. तो वर्षालीनं पाठवला होता. वर्षाली आम्रपालीच्या शेजारच्या फळीवर काम करायची आणि दापोडीलाच तिच्यासोबत बसमध्ये चढायची. कुठल्याशा थंड देशातली वायरींची फॅक्टरी होती. तशीच फळी, तशाच वायरी, तशाच बायका.

"थांबीव, थांबीव," सुमनताई ओरडल्या. "त्या बाईच्या मागं काय हाय ते?"

वर्षालीनं चित्र थांबवलं. बाईच्या मागे चाकांची उंच खुर्ची होती. व्हिडिओ पुन्हा सुरू केला, तर ती वायर लावत लावत त्या खुर्चीवर बसली, बसूनच पुढे सरकली आणि काम करत राहिली. कुणी तिला ओरडलं नाही.

त्या दिवशी मोशी आली तरी बसमध्ये कुणी भांडलं नाही. सुमनताई छप्पन्न वर्षांच्या, मूळच्या बीडकडच्या, आता बोपोडीला राहायच्या. संध्याकाळी चपला काढल्या की त्यांच्या पावलांवर पट्ट्यांचे वळ दिसायचे. त्यांनी तो व्हिडिओ घरी जाऊन अजून तीनदा बघितला. मग तो परत पाठवला आणि खाली स्वतःच्या आवाजात निरोप टाकला : "आपल्या सायबाला एक दिस आठ तास हुबं करा, मंग कळंल खुर्ची कशाला लागती ती."

फक्त तो पडला शेखरच्या ग्रुपवर.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी सुमनताईंना ऑफिसात बोलावलं. त्या घाबरल्या, ऑफिसनंच लिहून ठेवलेल्या माफीवर सही करून मोकळ्या झाल्या आणि बोलता बोलता दुसरा ग्रुप आहे, तो आम्रपालीचा आहे, हेही सांगून बसल्या. त्या दिवसापासून त्या आम्रपालीच्या नजरेला नजर देईनात. आम्रपालीला राग आला नाही असं नाही. चांगला आला. पण छप्पन्न वर्षांच्या बाईला एकटीला खोलीत घेऊन घाबरवणाऱ्यांचा तिला जास्त आला.

मग तिची पाळी आली. कंपनीच्या साहेबांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. साहेब बस म्हणाले नाहीत. आम्रपालीनं एक खुर्ची ओढली आणि बसली.

"तुम्हाला बसायला कुणी सांगितलं?"

"व्हिडिओनं," आम्रपाली म्हणाली.

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी भराभरा सांगितलं. ग्रुप आजच बंद करायचा. कंपनीविरुद्ध बायकांना भडकावलं म्हणून माफी लिहून द्यायची. नाहीतर या महिन्याच्या शेवटी तिचा सात महिन्यांचा करार संपतोय, नेहमीप्रमाणे थोड्या दिवसांचा बिनपगारी ब्रेक मिळेल, पण ब्रेकनंतर परत बोलावणं येईलच असं नाही.

आम्रपालीच्या लेकीच्या, मिनलच्या, डिप्लोमाचं अजून एक वर्ष बाकी होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "माफी कशाची लिहू? खुर्ची बघितल्याची?"

"माझं म्हणणं तुम्हाला समजलंय ना?"

"समजलंय की. तुम्हाला व्हिडिओचं काही नाही सर. आम्ही त्यावर बोललो, ते तुम्हाला लागलंय. ते तर आम्ही बोलणारच."

दोन दिवसांनी बसच्या काचेवर कागद लागला : बसमध्ये मोबाइल वापरण्यास सक्त मनाई. लक्ष ठेवायला शेखर पुढच्या सीटवर मागे तोंड करून बसायला लागला. तीस बायका हात मांडीवर ठेवून गप्प बसलेल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. नाशिक फाटा गेला, तसा आम्रपालीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उठली आणि वरची दांडी धरून उभी राहिली.

"काल रात्री मी एक व्हिडिओ बघितला," ती मोठ्यानं म्हणाली. "पूर्ण बघितला. एक म्हातारा सुतार आहे. एकही खिळा न वापरता लाकडाला लाकूड जोडतो. कसं, ते सांगते."

"अहो मॅडम, मोबाइल..." शेखर म्हणाला.

"कुठंय मोबाइल?" तिनं मोकळा हात दाखवला. "नोटीस नीट वाचा भाऊ. बंदी मोबाइलला आहे, तोंडाला नाही."

आणि तिनं सांगितला. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली, म्हाताऱ्याची वाकलेली पाठ दाखवली, रंध्याचा आवाजसुद्धा काढला. भोसरीपर्यंत बायका दबून ऐकत होत्या. मोशीला वर्षाली म्हणाली की पावसाळ्यात लाकूड फुगतं, तो सांधा टिकायचा नाही. झालं! बस पुन्हा भांडायला लागली.

उरलेला महिना असाच गेला. ग्रुप तिनं बंद केला नव्हताच; संध्याकाळी त्यावर व्हिडिओ यायचा, तो घरी बघायचा आणि सकाळी आम्रपालीनं उभ्यानं सांगायचा. मुंग्या पाण्यावर स्वतःच्या अंगाचा तराफा कसा करतात ते तिनं सांगितलं, तेव्हा ती पाणी प्यायला मध्येच थांबली, तर शेखरच म्हणाला, "मग पुढं काय झालं?" सगळी बस हसली. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

शेवटच्या दिवशी तिच्या हातात ब्रेकचा कागद ठेवला. परत कामावर यायच्या तारखेची जागा कोरी होती. उतरताना तिनं वर्षालीला विचारलं, "उद्या तू सांगशील ना?"

"मला नाही गं ताई जमणार," वर्षाली खाली बघत म्हणाली. सुमनताई पुढच्या सीटवर होत्या. त्यांनी मान वळवली नाही. आम्रपाली घरी आली आणि पहिल्यांदा रडली. नोकरीपेक्षा तिला बस गप्प होणार याचं जास्त वाईट वाटत होतं. एका कागदानं तीस तोंडं बंद होत असतील, तर मग आपण इतके दिवस काय केलं?

सकाळी पाचला ती सवयीनं उठली. जायचं कुठेच नव्हतं, तरी वर्षालीसोबत स्टॉपवर जाऊन उभी राहिली. पावणेसहाला चार नंबर आली. दार उघडलं, आणि आतून आधी आवाज आला.

"... आन् त्या बाईच्या मागं खुर्ची हाय बगा. चाकाची. ती काय करती, वायर लावती, आन् बसती. नुसती बसती. कुनी काय बोलत न्हाई तिला!"

मधल्या जागेत, दांडीला दोन्ही हातांनी धरून, सुमनताई उभ्या होत्या. पाय सुजलेले, आवाज कापत होता, पण शेवटच्या सीटपर्यंत पोचत होता.

"मावशी, तो व्हिडिओ नको," शेखर म्हणाला. "खाली बसा. बसा बरं तुम्ही."

सुमनताईंनी दारात दिसणाऱ्या आम्रपालीकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नजरेला नजर दिली. मग त्या शेखरकडे वळल्या.

"आठ तास हुबं ऱ्हायाची सवय तुमीच लावली न्हवं सायेब? आता बसू कशी?"

वर्षाली हसत हसतच पायरी चढली. दार लागलं, बस नाशिक फाट्याकडे निघाली, आणि आतला गलका रस्त्यावर ऐकू येत राहिला. आम्रपालीनं तिथेच स्टॉपवर मोबाइल काढला आणि उद्याचा व्हिडिओ शोधायला लागली. आधी तिला तो पूर्ण बघायचा होता.