चुगलखोर हिरवी वायर

आमच्या फुलस्पीडइतका हटवादी माणूस मी उभ्या लातुरात दुसरा पाहिला नाही. कुणाचं म्हणून ऐकायचं नाही, अशी त्याने शपथच घेतली असावी. स्कूटर फुलस्पीड, जेवण फुलस्पीड, बोलणं तर विचारूच नका. अहमदपूरला जळालेल्या पाण्याच्या मोटारींची वायंडिंग भरता भरता हा गृहस्थ कंप्यूटरच्या दुरुस्तीत घुसला आणि लातूरला येऊन आम्हा टायपिंगवाल्यांच्या राशीला बसला. पाठीमागे फुलस्पीड, तोंडावर काका.

माझं दुकान क्लासेसच्या गल्लीत. प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायच्या, आणि कंप्यूटर एकच. तो बंद तर मी बंद. त्याचा पंखा कधी हळू फिरायचा, कधी एकदम जोर धरायचा. असं का होतं, एवढंच मी विचारलं. काकांनी उत्तर देण्याआधी कंप्यूटरचा डबा उघडला आणि प्रोसेसरवरच्या पंख्याच्या चार वायरी चिमटीत धरल्या.

"काळी-पिवळीवर करंट. ही हिरवी चुगलखोर. पंखा किती फिरून राहिला, ते बोर्डाला जाऊन सांगती. अन् ही निळी सासू. हळू फीर, जोरात फीर, नुसता हुकूम. गरिबाला कामून एवढा जाच?"

आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत हिरवी-निळी दोन्ही वायरी कापून मोकळे! त्या दिवसापासून पंखा सदा फुलस्पीड, आणि माझ्या दुकानात पिठाची गिरणी सुरू झाली. गिऱ्हाईक काय बोलतंय ते ऐकू येईना. सकाळी कंप्यूटर लावला की पडद्यावर सूचना यायची, पंखा सापडत नाही, पुढे जायला बटण दाबा. मी तक्रार केली, तर काकांनी सेटिंगमध्ये शिरून ती सूचनाही बंद करून टाकली. "आता न्हाई बोलणार," म्हणाले, आणि मिशीवरून हात फिरवला. जणू अंगातलं भूत उतरवलं!

एकदा कॉलेजातले इलेक्ट्रॉनिक्सचे सर माझ्या दुकानात बसले होते. त्यांनी बिचाऱ्यांनी समजावून पाहिलं, की तीन पिनांचा पंखा व्होल्टेज कमी करून हळू करतात, चार पिनांचा त्या निळ्या वायरीच्या इशाऱ्यावर चालतो. गरज नसताना तो हळू फिरला तर आवाजही कमी आणि झीजही कमी. काका हसले. "हळूच चालायचं आसंल, तर बैलगाडी घ्या की सर!" सर चहा अर्धा टाकून उठले. शिकलेल्या माणसाला पळवून लावलं, याचा काकांना आठवडाभर आनंद होता. मला मात्र काकांची किळस आली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगत सुटले, हा मेकॅनिक नव्हे, खाटीक आहे.

आणि व्हायचं तेच झालं. एप्रिलचं ऊन, रविवारच्या मोठ्या टेस्टचे चार पेपर हातात, आणि गुरुवारी दुपारी कंप्यूटर धप्पकन बंद. लावला, दहा मिनिटांत तापून पुन्हा बंद. दिवसरात्र पळून पळून पंखा कधीचा जाम झाला होता. सांगणारी वायरच कापलेली, तर सांगणार कोण? क्लासवाल्यांनी आधीच बजावलं होतं, पेपर वेळेत आले नाहीत तर पुढचं सगळं काम दुसऱ्याकडे. माझं घर त्याच कामावर चाललेलं. तसला पंखा लातुरात कुठेच मिळेना, नांदेडहून यायला चार दिवस. मी फोनवर काकांना नाही नाही ते बोलले. तोंडाला येईल ते.

काका तासाभरात आले. खिशातून एक पंखा काढला. जुना, पण साफ पुसलेला. मी पाहते तर त्याच्या चारही वायरी शाबूत! हिरवीसुद्धा, निळीसुद्धा.

"हा कुठला?"

"माझ्या घरच्या मशीनचा."

"म्हणजे घरचा पंखा धड, आणि आमचेच तेवढे कापायचे? वा रे वा!"

"तुमी लोक त्या चुगलीला भेता, ताई. पंख्याचा आवाज जरा बदलला, काडी हलली, की मला फोन," काका खाली बघूनच स्क्रू आवळत होते. "म्हणून कापत होतो. चुकलं." एवढंच. पंखा बसवला, सूचना परत चालू केली आणि चहाही न घेता गेले. मला वाटलं, बरी जिरली.

शनिवारी दुपारी तिसरा पेपर छापून झाला होता. एक मुलगी घाम पुसत आत आली. प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता, आज शेवटची तारीख. बाजारातल्या सगळ्या दुकानांत रांगा, म्हणून शोधत शोधत इथपर्यंत आली. वडिलांचं नाव विचारलं आणि माझी बोटं थांबली. काकांचंच नाव.

"घरी कंप्यूटर आहे ना गं तुमच्या?"

"हाय, पण बंद हाय. बाबा म्हणले, कुठं बी भर, पण क्लासच्या गल्लीतल्या ताईकडं जाऊ नको. त्यांचं काम अडंल." ती ओशाळली. "हे तुमचंच दुकान का?"

मला लाज वाटली, चक्क लाज. चौथा पेपर बाजूला सारला आणि माझ्या खुर्चीवर तिला बसवलं.

"भर सावकाश," मी म्हणाले. "पंखा तुझ्याच घरचा आहे."